झाकणावरचा अंगठा

"घे, ढवळ," असं म्हणून मास्तरांनी रंगाची बादली बायकोपुढे सरकवली. "आणि तळापासून ढवळ. निळा खाली बसून राहतो."

"माहीत आहे हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गॅलरीत नेते. इथं अंधार आहे."

"अंधार? डोक्यावर एवढा दिवा जळतोय की."

"मला नाही दिसत त्याच्यात."

हे ऐकून मास्तर मनातून सुखावले. डोळ्यांची तक्रार दुसऱ्या कुणी केली की हल्ली त्यांना बरं वाटायचं. मास्तरीणबाई बादली आणि आपली ती कायमची कापडी पिशवी घेऊन गॅलरीत गेल्या, खोलीकडे पाठ करून उकिडव्या बसल्या आणि काठी फिरवू लागल्या.

बादली देण्याआधी मास्तरांनी आपला अंगठा रंगात बुडवून डब्याच्या झाकणावर उमटवला होता. ही त्यांची जुनी पद्धत. रंग मनासारखा जमला की झाकणावर अंगठा. पुढे कधी भिंतीचा पोपडा निघाला, कुणी खिळा उपटला, तर त्या अंगठ्यावरून रंग पुन्हा जुळवता यावा म्हणून. झाकणाच्या मागे खिळ्याने ओरखडून गिऱ्हाइकाची खूण लिहायची आणि झाकण घरी माळ्यावरच्या पोत्यात टाकायचं. त्या पोत्यात मास्तरांनी पुन्हा कधी हात घातला हे मात्र विचारू नये. डागडुजीची कामं बाईच परस्पर उरकून यायच्या. "एवढ्याशा कामाला तुम्ही कशाला?" असं त्या म्हणत, आणि मास्तरांना ते लगेच पटे.

काम चाललं होतं मुलांच्या वाचनालयाच्या नव्या खोलीत. ग्रंथपालबाईंना समोरच्या भिंतीवर काय नको ते पक्कं माहीत होतं. झाडं नकोत, पक्षी नकोत, हसणारा सूर्य तर मुळीच नको. नुसते जांभळ्या रंगाचे आडवे पट्टे हवेत; जमिनीजवळ गर्द, वर जाता जाता फिके, आणि छताला टेकणारा तर जवळजवळ पांढरा. "मुलं खाली बसून वाचणार," त्या म्हणाल्या होत्या. "मान वर केली की त्यांना हलकं वाटलं पाहिजे." असलं काम गावात एकच माणूस करू शकतो असं त्यांना रंगाच्या दुकानदाराने सांगितलं होतं.

तो माणूस म्हणजे जांभळेमास्तर. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. लाल आणि निळा एकत्र केला की जांभळा होतो हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, आणि ते निम्मं खोटं असतं. शेंदराकडे झुकणारा लाल घेतलात तर हाती चिखल येतो. लाल हवा गुलाबीकडचा, निळ्यात हिरव्याची छटा नको, आणि पांढरा घालायचा तो घाबरत घाबरत. भलेभले रंगारी जांभळ्याचं नाव काढलं की गिऱ्हाइकाला आकाशी रंगाचे फायदे समजावू लागत. मास्तर मात्र वांगी मागा, कांद्याच्या सालीचा मागा, पिकल्या जांभळाचा मागा, डोळ्यांदेखत कालवून देत. डब्यांना ते स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नसत. बायको वर्षानुवर्षं बरोबर होती, तिच्याइतकी सरळ कड कुणाची येत नसे. पण तिने चिकटपट्टी लावावी, कड मारावी, ब्रश धुवावेत आणि ढवळावं. घालायचं काम त्यांचं.

बाईंनी बादली परत आणली. मास्तरांनी रोलर बुडवला, हातभर पट्टा ओढला आणि मान हलवली.

"बघ, सुकला की तांबूस दिसणार. हल्लीचे रंगच असले. पूर्वी नव्हतं असं. म्हणून मी आधीच निळा चढता ठेवतो."

"हो ना," बाई म्हणाल्या. "फारच चढता ठेवता."

या तांबूसपणाबद्दल मास्तरांनी दुकानदाराशी कितीदा तरी वाद घातला होता. कंपनीला कळवा म्हणून त्याच्या मागे लागले होते. दुकानदार बिचारा भिडस्त. "कळवतो" म्हणायचा आणि विसरायचा.

ग्रंथपालबाई काम बघायला आल्या तेव्हा मास्तर छताकडे बघत होते. "हा क्रीम कुणी मारला हो? पांढरा ठरला होता ना?"

"पांढराच आहे की," ग्रंथपालबाई गोंधळून म्हणाल्या. "कालच तर तुम्ही स्वतः..."

"दिव्यामुळे," मास्तरीणबाई चटकन म्हणाल्या. "दिवा पिवळा आहे."

दिवा पांढरा होता.

हे सगळं लेकीच्या कानावर गेलं. कुणी घातलं ते उघड होतं. लेक डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख ठरवूनच घरी आली. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजवा जास्त पिकला होता. आधी तो, मग काही महिन्यांनी दुसरा.

"आणि भिंत?" मास्तर म्हणाले. "अर्धी झालीय."

"बाबा, भिंत कुठे पळून जात नाही."

"तुला काय जातंय बोलायला. तुझ्या आजोबांचा डोळा असाच कापायला नेला होता. मग ते नुसते दारात बसून असायचे. आलेल्याला विचारायचे, कोण आलंय?"

"त्या काळची गोष्ट वेगळी होती."

"डोळे तेच होते," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. भीती वाटते असं त्यांना म्हणायचं होतं, पण ते लेकीसमोर कसं म्हणणार? बायकोला मात्र सकाळी निघताना म्हणाले, "नाही दिसलं तर धंदा बंद. तू एकटी काय करणार? जांभळा कोण कालवणार?"

बाईंनी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. "आधी जाऊन तर या," एवढंच त्या म्हणाल्या.

ऑपरेशन इतक्या पटकन झालं की मास्तरांना थोडा अपमानच वाटला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आणि त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती परिचारिकेच्या हातातली कापसाची घडी. एवढं पांढरं काही असतं हे ते विसरून गेले होते. मग खिडकी. मग खिडकीतलं निळं आभाळ. मग बायको.

"अगं, तुझे केस केवढे पांढरे झालेत!"

"झालं. बघितलंत एवढं, आता मिटा डोळा," बाई म्हणाल्या, आणि तोंड वळवून बराच वेळ पाण्याची बाटली शोधत राहिल्या. बाटली समोरच होती.

पुढचे दिवस मास्तरांनी घरात धुमाकूळ घातला. एक डोळा मिटून बघायचं, मग दुसरा मिटून. उजव्याने चादर पांढरी, डाव्याने तीच चहा सांडल्यासारखी. उजव्याने बादली निळी, डाव्याने हिरवट. शेजारच्यांना बोलावून ते याची जाहीर प्रात्यक्षिकं करत. शेजाऱ्यांना काहीच वेगळं दिसत नसे, पण ते कौतुकाने बघत.

अशाच एका सकाळी बाई बाजारात गेल्या असताना मास्तरांना माळ्यावरचं पोतं आठवलं. आपण केलेले सगळे जांभळे या नव्या डोळ्याने एकदा बघावेत म्हणून त्यांनी ते हौसेने खाली काढलं आणि झाकणं जमिनीवर मांडली.

वरच्या झाकणावरचा अंगठा निळा होता. त्यांनी दुसरं झाकण घेतलं. निळाच. मग त्यांनी उजवा डोळा मिटला: जांभळा. डावा मिटला: निळा. तळाशी गेलेली जुनी झाकणं तेवढी ठीक होती. वर येऊ लागलं तसा प्रत्येक अंगठा आधीच्यापेक्षा निळा होत गेला होता. मास्तर त्या झाकणांच्या मधोमध बसून राहिले. म्हणजे इतकी वर्षं आपण लोकांना हे दिलं. लोकांनी मागितला जांभळा, आपण दिला निळा, आणि लोक आपल्या वयाकडे बघून गप्प बसले. त्यांचे कान तापले. लाजेने जीव नकोसा होणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं.

बाई परत यायच्या आत काळा चष्मा चढवून, दोन झाकणं काखेत मारून ते बाहेर पडले. भेटेल त्याची माफी मागायची आणि पदरचा रंग घालून भिंती पुन्हा करून द्यायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिलं दुकान शिंप्याचं. मास्तरांनी मान खाली घालूनच पायरी चढली.

"मास्तर! या या. डोळा कसाय?"

"बराय. तुमच्या भिंतीबद्दल बोलायचं होतं," असं म्हणून त्यांनी मान वर केली. भिंत जांभळी होती. चांगली गर्द, ऊबदार जांभळी. टांगलेले सगळे कपडे तिच्यापुढे उठून दिसत होते. मास्तरांनी चष्मा काढला. झाकण भिंतीला लावलं. झाकण निळं, भिंत जांभळी.

"हा रंग... पहिल्यापासून असाच होता?"

"असाच. गिऱ्हाईक आत येतं ते आधी भिंतीला हात लावतं. त्या कोपऱ्यात मी कपाट घासलं होतं, तेव्हा वहिनी येऊन हात मारून गेल्या. जोड शोधून दाखवा, पैज."

मास्तरांना जोड सापडली नाही. नव्या डोळ्यालाही नाही.

दातांच्या दवाखान्यात तेच. तिथली फिकी भिंत कांद्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी, नि झाकण शाईच्या डागासारखं. मास्तर बाहेर येऊन बसथांब्यावर बसले. एक बस आली, गेली. त्यांना दुकानदाराशी घातलेले वाद आठवले. हल्लीचे रंग सुकले की तांबूस होतात. म्हणून मी आधीच निळा चढता ठेवतो. फारच चढता ठेवता. रंग सुकताना तांबूस होत नव्हते. कुणीतरी ते ओले असतानाच तसे करत होतं, आणि आपण दरवेळी आणखी निळा ओतून तिचं काम वाढवत होतो.

घरी आले तेव्हा बाई मांडलेल्या झाकणांशेजारी उभ्या होत्या.

"तुझ्या त्या पिशवीत काय असतं?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी पिशवी आणली आणि उलटी केली. गुलाबीकडच्या लालची बाटली. एक छोटी, चिकटलेल्या बुचाची, बिनलेबलाची. एक चमचा, जो मास्तर दोन वर्षं स्वयंपाकघरात शोधत होते.

"कधीपासून?"

"दातांच्या दवाखान्याच्या थोडं आधीपासून."

"आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं? माझ्या माघारी हसत होते सगळे?"

"कुणालाही ठाऊक नाही. दुकानदाराला वाटतं, मला लाल रंगाचा नाद आहे."

"मला वेड्यात काढलंस."

"हो, काढलं," बाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर रंगाची काठी टाकून दिली असतीत तुम्ही. डॉक्टरकडे तर गेलाच नसतात. दारात बसून कोण आलंय विचारत बसला असतात. मला ते बघवलं नसतं."

मास्तरांना चिडायचं होतं, आणि थोडा वेळ ते चिडलेही. झाकणं जरा जास्तच आवाज करत पोत्यात भरली. पण त्यात काही दम नव्हता. जेवताना बाईच म्हणाल्या, "आता दिसतंय ना नीट? मग झालं. आता मी नुसती ढवळीन." हे त्या ताटाकडे बघत म्हणाल्या.

डॉक्टरांनी धुळीत जायची परवानगी दिल्यावर दोघं पुन्हा वाचनालयात गेले. खालचे पट्टे तसेच होते. मास्तरांनी ते पहिल्यांदाच धडपणे पाहिले. बाईंनी पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली, पुढच्या पट्ट्याची चिकटपट्टी लावली आणि थांबल्या.

मास्तरांनी रंग कालवला. आता काय, डोळा नवा होता. लाल, निळा, पांढरा, सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. अंगठा बुडवून झाकणावर उमटवला आणि सवयीने बादली पुढे सरकवली. "ढवळ."

बाई बादली घेऊन गॅलरीत गेल्या. पिशवी खिळ्यालाच राहिली. त्या लगेच परतही आल्या. नुसतं ढवळायला असा किती वेळ लागतो?

मास्तरांनी पट्टा ओढला, मागे सरकून पाहिला. रंग बरोबर होता. चूक म्हणून कुणी बोट ठेवलं नसतं. पण खालच्या पट्ट्याशेजारी तो दुकानातून नुकत्याच आणलेल्या, घडी न मोडलेल्या कपड्यासारखा दिसत होता, आणि खालचा कितीदा धुतलेल्या, अंगाला सरावलेल्या कपड्यासारखा. ग्रंथपालबाई आत डोकावल्या. "सुकला की खालच्यासारखा मऊ दिसेल ना?"

"बघू," मास्तर म्हणाले. त्या गेल्यावर त्यांनी बादलीत थोडा लाल घातला. नाही. थोडा निळा. नाही. पांढरा काळजीपूर्वक थेंबाथेंबाने. भिंतीवर बोटाने ठिपक्यांची रांग उमटली आणि एकही ठिपका खालच्याच्या जवळ जाईना. ज्या माणसाने सगळ्या गावाला जांभळा कालवून दिला, त्याला बायकोच्या रंगाची जोड देता येईना. बाई स्टुलावर बसून धुतलेलाच ब्रश पुन्हा धुत होत्या.

"काय घालायचीस गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लाल."

"नुसता लाल नाही तो."

बाईंनी ब्रश झटकला. "विटकरी. चिमूटभर."

"विटकरी? जांभळ्यात? चिखल होतो त्याने!"

"होतो. पण अगदी जरासा घातला की होता होता थांबतो. तुम्ही निळा एवढा ओतून ठेवायचात, नुसत्या लालला तो ऐकायचाच नाही. एकदा घाईत चमचा बदलायचा राहिला, विटकरीचाच आत गेला. मी तर घाबरलेच. पण मग बघतच राहिले." ब्रश बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? सुरुवातीला तुमच्यासाठी करायची. मग मला आवडायलाच लागलं. तुम्ही बादली दिलीत की वाटायचं, बघू आज काय करून ठेवलंय. तुम्हाला दवाखान्यात आत नेलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं. आणि रडूही आलं. म्हटलं, यांना दिसायला लागलं की आपलं काम संपलं."

मास्तरांना आठवलं, त्या दिवशी बाई समोरची बाटली शोधत होत्या. आपल्याला सगळं दिसतंय असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

ते उठले, दाराच्या खिळ्यावरची पिशवी काढली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली.

"घाल."

"तुमच्यासमोर?"

"मग काय, डोळे मिटू? आत्ता कुठे उघडलेत."

बाई हसल्या आणि त्यांनी चमचा हातात घेतला. इतकी वर्षं गॅलरीत पाठ करून बिनघोर चालणारा हात आता चमच्यातला रंग सांडू लागला. बाईंनी लाल घातला, काठी फिरवली, थांबल्या, पुन्हा घातला. मग छोट्या बाटलीत चमच्याचं नुसतं टोक बुडवून बादलीत धरलं. विटकरीची एक बारीक रेघ फिरत फिरत दिसेनाशी झाली, आणि मास्तरांच्या देखत तो कोरा जांभळा मवाळ झाला, खालच्या पट्ट्याच्या घरातला झाला. मास्तरांचा डोळा भरून आला. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका म्हटलं होतं, पण हे पाणी त्यात धरतात की नाही ते त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी फडक्याने झाकणावरचा आपला अंगठा पुसून काढला आणि झाकण बायकोपुढे धरलं.

"लाव."

"माझा?"

"रंग कुणाचा आहे?"

बाईंनी अंगठा बुडवला आणि झाकणावर टेकवला. जरा जोरातच टेकवला. कडेने रंग बाहेर आला. मास्तरांनी झाकण सुकायला खिडकीत ठेवलं, बादली उचलली आणि निघाले.

"कुठे निघालात?"

"ढवळून आणतो. इथे अंधार आहे."

गॅलरीत जाऊन, खोलीकडे पाठ करून ते उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. आतून पट्टी चिकटवल्याचा आवाज येत होता, आणि मग बाईंचा आवाज आला, "नुसतं ढवळायचं हं! काही घालू नका!"

"नाही घालत," मास्तर म्हणाले, आणि तळापासून ढवळू लागले. निळा खाली बसून राहतो.